अक्कलदाढ काढायची की ठेवायची?

दंतवैद्याच्या चिठ्ठीवर '४८ इम्पॅक्टेड (म्हणजे अडकलेली), काढणे' असं लिहून मिळालं की माणूस आधी आकड्यालाच अडखळतो. तोंडात दात बत्तीस, मग ही अठ्ठेचाळिसावी आली कुठून? भानगड साधी आहे. दंतवैद्य तोंडाचे चार भाग करतात आणि प्रत्येक भागात मधल्या दातापासून मागे एक ते आठ मोजतात. चौथा भाग म्हणजे खालचा उजवा, त्यातला आठवा दात म्हणजे ४८. बाकीच्या तीन अक्कलदाढांचे नंबर १८, २८ आणि ३८. खालच्या दोघी, ३८ आणि ४८, बहुतेक कटकटींच्या मुळाशी असतात.

खरा घोळ पुढे होतो. जळगावचा डॉक्टर म्हणतो काढून टाका, भुसावळचा म्हणतो दुखत नाही तर कशाला हात लावता, आणि घरातली मोठी माणसं सांगतात, दाढ काढली की डोळ्यांवर येतं. तिघांचं ऐकून पोरगी तशीच अभ्यासाला बसते आणि नेमकी परीक्षेच्या आठवड्यात गाल सुजवून घेते. हे टाळायचं तर ही दाढ करते काय, ते आधी कळायला हवं.

सगळ्यात उशिरा चढलेला प्रवासी

कायमच्या दाढा एका बाजूला तीन. पहिली सहाव्या वर्षाच्या आसपास येते, दुसरी बाराव्याच्या, आणि तिसरी, म्हणजे अक्कलदाढ, साधारण १७ ते २५ या वयात. सुरत-भुसावळ पॅसेंजर डोळ्यासमोर आणा. सुरतेला चढलेला खिडकी धरतो, नंदुरबारला चढलेला त्याच्या शेजारी ऐसपैस बसतो, आणि अमळनेरला चढणाऱ्याला बाक भरलेलं दिसतं. मग तो एक तर दारातच उभा राहतो, नाहीतर शेजाऱ्याच्या मांडीवर तिरका टेकतो. अक्कलदाढेचं हेच होतं. जागा उरलेली असली तर ती सरळ येते आणि मुकाट्याने आयुष्यभर काम करते. नसली तर हाडातच राहते, अर्धी वर येते किंवा आडवी पडून पुढच्या दाढेला डोकं लावते.

ही दाढ हाडात तयार व्हायला सुरुवात होते ती आठ-दहा वर्षांच्या वयात. मुळं पुरी व्हायला मात्र विशी उजाडते. सोळा ते वीस या वयात अजून घडत असलेला हा एकच दात असल्यामुळे वय ठरवायची वैद्यकीय तपासणी करताना डॉक्टर एक्स-रेत हिची मुळंही पाहतात.

आणि काहींना ही दाढ येतच नाही. जगभरातल्या पाहण्या एकत्र केल्या तर साधारण पाचातल्या एका माणसाची निदान एक तरी अक्कलदाढ मुळातच तयार झालेली नसते. त्यात उणं काहीच नाही, उलट सुटला म्हणायचं.

'आमच्या आजोबांना कुठे असला त्रास होता?'

हा प्रश्न प्रत्येक घरात निघतो आणि तो अगदीच चुकीचा नाही. माणसाचा जबडा हजारो वर्षांत आखूड होत आला. अन्न भाजणं, शिजवणं, दळणं सुरू झालं तसा चावण्याचा जोर घटला. जबड्याचं हाड वाढत्या वयात किती वाढणार, हे काही अंशी त्या जोरावर ठरतं. हार्वर्ड विद्यापीठातले डॅनियल लिबरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ साली हायरॅक्स नावाच्या सशाएवढ्या प्राण्यांवर प्रयोग केला होता. काहींना कच्चं, कडक खाऊ घातलं, काहींना तेच शिजवून मऊ करून. मऊ खाणाऱ्यांच्या चेहऱ्याचा चावण्याकडचा भाग कमी वाढला. दातांचा आकार मात्र बऱ्यापैकी आनुवंशिकतेने ठरतो, तो हाडाच्या मानाने कमी होत नाही. म्हणजे बाक आखूड झालं, प्रवासी तेवढेच राहिले.

दुसरं कारण झिजेचं. जात्यावरच्या पिठात दगडाची बारीक कच यायची. भरड अन्न चावून दात वरून झिजायचेच, शिवाय एकमेकांना घासून बाजूनेही झिजायचे, आणि अशी थोडी थोडी जागा मागे मोकळी व्हायची. दादर ज्वारीची किंवा कळण्याची (ज्वारी-उडदाच्या पिठाची) भाकरी आपण आजही खातो, पण पीठ चक्कीवरचं, भाकरी ताजी आणि सोबत शेवभाजीचा रस्सा. दाताला काम ते किती राहिलं?

पण आजोबांना त्रास नव्हता हेही पुरतं खरं नाही. त्या काळात कीड लागलेली पुढची दाढ तरुणपणीच उपटून टाकली जायची. तिची जागा रिकामी झाली की मागची अक्कलदाढ पुढे सरकायला मोकळी. त्यामुळे कित्येकांची ती बिनबोभाट आली. ज्यांची आली नाही, त्यांचं सुजलेलं तोंड 'दाढ धरली' एवढ्यावर मिटलं. एक्स-रे कोणी काढला नाही, मग आडव्या दाढेचा पत्ता लागणार कसा?

आनुवंशिकताही आहे. आईचा लहान जबडा आणि बापाचे मोठे दात, असं जमून येऊ शकतं. तेव्हा पोराला रोज ऊस सोलायला लावला की अक्कलदाढ सरळ येईल, अशी हमी कोणी देऊ नये.

अडकलेली दाढ नेमकं काय बिघडवते

पुरेशी जागा न मिळाल्याने बाहेर येऊ न शकलेल्या दाढेला दंतवैद्य 'इम्पॅक्टेड' म्हणतात, आपण अडकलेली म्हणू. खालची दाढ बहुतेक वेळा पुढे कललेली सापडते, कधी पूर्ण आडवी, कधी सरळ पण अर्धवट, क्वचित मागे झुकलेली. हाडात पूर्ण गाडली गेलेली दाढ पुष्कळदा कुणाच्या अध्यात ना मध्यात असते. सर्वांत वाईट ती अर्धी वर आलेली.

तिचं एक टोक बाहेर दिसतं आणि उरलेल्या भागावर हिरडीची एक झडप राहते. त्या झडपेखाली ब्रश जात नाही. बाजरीचा कोंडा, शेवेचा चुरा, कोथिंबिरीचं पान असं काहीबाही तिथे जाऊन बसतं. आत हवा पोहोचत नाही, आणि हवेशिवाय वाढणाऱ्या जंतूंना अशीच जागा लागते. हिरडी सुजते. सुजली की वरची दाढ चावताना तिच्यावर आदळते, त्याने ती आणखी सुजते. तोंडाला घाण वास, दाबलं तर पू, गिळताना घसा दुखतो, जबड्याखाली गाठ लागते आणि तोंड जेमतेम एक बोट उघडतं. कितीतरी जण याला टॉन्सिल समजून दुसऱ्याच डॉक्टरकडे जातात.

यावर पहिला इलाज म्हणजे झडपेखालची जागा दंतवैद्याकडून नीट धुऊन घेणं, कोमट मिठाच्या पाण्याच्या गुळण्या आणि दुखणं कमी करणारी गोळी. ताप असेल, सूज पसरत असेल तर अँटिबायोटिक. आपल्याकडे उलटं चालतं. मेडिकलमधून परस्पर गोळ्यांचं पान आणायचं, तीन दिवस खायचं, दुखायचं थांबलं की विसरायचं. झडप तिथेच, कचरा तिथेच. महिना-दोन महिन्यांनी पुन्हा तोच तमाशा, आणि दर वेळी गोळी आधीइतकी लागू पडेल असं नाही. दुखऱ्या जागेवर गोळी चुरून दाबून धरणं तर त्याहून वाईट, त्याने हिरडी भाजते.

एक गोष्ट मात्र हसण्यावारी न्यायची नाही. सूज जबड्याखालून गळ्याकडे उतरत असेल, जीभ वर उचलल्यासारखी वाटत असेल, लाळ गिळता येत नसेल किंवा श्वास लागत असेल, तर रात्रीचे दोन वाजले असले तरी मोठ्या रुग्णालयात जायचं. हा संसर्ग श्वासाची वाट बंद करू शकतो आणि त्याने माणूस दगावतो.

दुसरं नुकसान गुपचूप होतं. पुढे कललेली अक्कलदाढ पुढच्या दाढेला जिथे टेकते तिथे एक फट राहते. तिथे अन्न अडकून पुढच्या, चांगल्या, रोज कामाला येणाऱ्या दाढेच्या मागच्या बाजूला कीड लागते. आरशात दिसत नाही, दुखायला लागेपर्यंत कळत नाही. सुक्याबरोबर ओलंही जळतं ते असं. अक्कलदाढ गेली तर जेवणात फरक पडत नाही. पुढची गेली तर भाकरी एकाच बाजूने चावावी लागते. दाढ काढायचा सल्ला देताना दंतवैद्याच्या मनात बऱ्याचदा ही शेजारीणच असते.

तिसरं, तुलनेने कमी आढळणारं, म्हणजे हाडातल्या दाढेभोवतीच्या पिशवीत पाणी साचून गाठ होणं. ती न दुखता वाढते आणि जबडा आतून पोखरते.

दुखत नसताना का काढायची?

इथे डॉक्टरांमध्येच दोन तट आहेत, आणि जळगाव-भुसावळचा मतभेद हा त्याच मोठ्या वादाचा तुकडा आहे. अमेरिकेत तरुण वयातच चारही दाढा काढून टाकण्याची पद्धत बरीच रुळलेली आहे. ब्रिटनमध्ये 'नाइस' या सरकारी संस्थेने २००० साली सांगितलं की आजार नसलेली अडकलेली दाढ उगाच काढू नये. त्यानंतर तिथे दाढा काढणं आधी कमी झालं, पण पुढच्या वर्षांत काढून घेणाऱ्यांचं सरासरी वय पंचविशीवरून तिशीपलीकडे गेलं आणि पुढच्या दाढेला लागलेली कीड हे कारण जास्त दिसू लागलं. २०२० साली कॉक्रेन या संस्थेने उपलब्ध अभ्यास चाळले. निरोगी, न दुखणारी दाढ काढावी की ठेवावी, हे ठामपणे सांगण्याइतका पुरावा त्यांना मिळाला नाही.

मग सामान्य माणसाने काय धरून चालायचं? माझ्या मते खरा प्रश्न दुखण्याचा नाही, साफसफाईचा आहे. ब्रश तिथपर्यंत पोहोचतो का? दाढ सरळ आली आहे, वरच्या दाढेशी जुळते आहे, हिरडी गुलाबी आहे, तर तिला हात लावायचं कारण नाही, कोणी कितीही आग्रह करो. दाढ हाडात खोल आहे आणि एक्स-रेत भोवती काही बिघाड नाही, तर ठेवावी आणि मधूनमधून एक्स-रे काढून नजर ठेवावी. अर्धी वर आलेली, कललेली, झडपेची दाढ मात्र आज दुखत नसली तरी ती साफ होणारच नाही. तिच्यासाठी थांबण्यात शहाणपण नाही.

वयाचा हिशेब इथेच येतो. विशीच्या आत-बाहेर मुळं पुरती झालेली नसतात, हाड लवचिक असतं आणि जखम लवकर भरते. तिशीनंतर हाड घट्ट होत जातं, मुळं नसेजवळ पोहोचलेली असतात. चाळिशी-पन्नाशीत मधुमेह, रक्तदाबाच्या गोळ्याही जोडीला येतात. काढता येत नाही असं नव्हे, पण काम अवघड होतं आणि सूज जास्त दिवस राहते.

'पुढचे दात वाकडे होतील म्हणून काढा' हे खरं का?

हे कारण सर्रास सांगितलं जातं. मागून दाढ ढकलते आणि पुढचे दात एकमेकांवर चढतात, ही कल्पना पटण्यासारखी आहे, पण अभ्यासांतून ती सिद्ध झालेली नाही. खालचे पुढचे दात वयानुसार थोडे दाटतातच, आणि अक्कलदाढ नसलेल्यांचेही दाटतात. नुसत्या या कारणासाठी कोणी दाढ काढायला सांगत असेल तर दुसरं मत घ्यावं. तारा लावताना मागे जागा हवी म्हणून काढणं ही वेगळी गोष्ट आहे.

डोळे जात नाहीत, पण नस खरी आहे

'वरनी दाढ काढी त डोया जातस' हे वाक्य अहिराणी मुलखातल्या प्रत्येक दंतवैद्याने ऐकलेलं असेल. दृष्टीची नस वेगळी, दातांची नस वेगळी. दोन्ही मेंदूतून स्वतंत्र निघतात आणि दाढ काढताना दृष्टीच्या नसेला धक्का लागत नाही. समज पसरण्यामागचं एक कारण मला असं वाटतं की किडलेल्या दाढा काढायची पाळी ज्या वयात येते, त्याच वयात चाळिशीचा चष्माही लागतो. उलट वरच्या दाढेतला पू बरेच दिवस तसाच राहिला तर संसर्ग क्वचित डोळ्यापर्यंत चढू शकतो. म्हणजे धोका असलाच तर न काढण्यात.

काळजी करावी अशी नस खाली आहे. खालच्या जबड्याच्या हाडातून एक नस पुढे जाते आणि खालच्या ओठाला, हनुवटीला संवेदना देते. काहींच्या अक्कलदाढेची मुळं तिला अगदी चिकटून असतात. जिभेच्या बाजूलाही एक नस आहे, ती जिभेची संवेदना आणि चव सांभाळते. दाढ काढताना या नसांना धक्का लागला तर ओठ, हनुवटी किंवा जीभ बधिर राहते. बहुतेकांची बधिरता काही आठवड्यांत किंवा महिन्यांत जाते. कायमची राहण्याचं प्रमाण शंभरात एकापेक्षा कमी आहे. यात तोंड वाकडं होत नाही, कारण या नसा स्नायू हलवणाऱ्या नव्हेत. पण दाढी करताना किंवा चहा पिताना ओठाला काही कळत नाही, हे रोज सोसणं लहान नाही.

म्हणूनच आधी ओपीजी काढतात, म्हणजे पूर्ण जबड्याचा एकच एक्स-रे. डोक्याभोवती मशीन फिरतं, काही सेकंदांत काम होतं. त्यात मूळ नसेवर चढलेलं दिसलं तर थ्री-डी स्कॅन सांगतात. फारच चिकटलेलं असेल तर फक्त वरचा भाग कापून काढायचा आणि मुळं जागेवर ठेवायची, असाही मार्ग आहे. 'माझी मुळं नसेपासून किती लांब आहेत?' हे फिल्मवर बोट ठेवून दाखवायला सांगा. चांगला डॉक्टर या प्रश्नाने चिडत नाही.

काढताना आणि नंतर

इंजेक्शनने जागा बधिर करतात, माणूस जागा असतो. दाब कळतो, मशीनचा आवाज कानात घुमतो, पण दुखत नाही. दुखलं तर हात वर करायचा, आणखी भूल देतात. हिरडी थोडी उघडून, पाण्याची धार सोडत दाढेभोवतालचं हाड किंचित कोरतात आणि दाढेचे दोन-तीन तुकडे करून बाहेर काढतात. मग टाके. अर्धा-पाऊण तास गॉज दाबून धरायचा.

त्या भोकात रक्ताची एक गुठळी बसते आणि सगळं भरून येणं तिच्यावर अवलंबून असतं. पहिले २४ तास गुळणी नाही, थुंकणं नाही, स्ट्रॉने ओढून पिणं नाही. बाहेरून बर्फाचा शेक. दुसऱ्या दिवसापासून मिठाच्या पाण्याने हलकेच चूळ. सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त दिसते आणि नातेवाईक नेमके तेव्हाच घाबरवतात. पण ती तेव्हाच वाढायची असते. दहीभात, गार केलेली मुगाची खिचडी, कुस्करलेलं केळं चालतं. भरीत-ठेचा टाके निघेपर्यंत, म्हणजे साधारण आठवडाभर, लांब.

दुखणं कमी होत असताना तिसऱ्या-चौथ्या दिवशी अचानक वाढलं, कानापर्यंत ठणका जाऊ लागला आणि गोळीला दाद देईना, तर गुठळी निघून हाड उघडं पडलेलं असतं. याला 'ड्राय सॉकेट' म्हणतात. डॉक्टर जागा धुऊन औषधाची पट्टी ठेवतात, तिच्यात बहुधा लवंगेच्या तेलातलंच औषध असतं. बिडी-सिगारेट ओढणाऱ्यांना हे जास्त होतं.

रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू असतील तर त्या आपल्या मनाने बंद करू नका, आधी सांगा. मधुमेह आणि गरोदरपणही सांगायलाच हवं.

गुटख्याबद्दल वेगळं लिहायला हवं. महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे आणि पुड्या कुठे मिळतात हे शाळेतल्या पोरांनाही ठाऊक आहे. सुपारी आणि गुटख्याने तोंडाच्या आतली कातडी कडक होत जाते आणि तोंड उघडणं घटतं. एरवी उभी तीन बोटं आत जातात. गुटखा खाणाऱ्या तरुणाची दोनसुद्धा जात नाहीत आणि तो समजतो, अक्कलदाढ येते आहे. फरक असा ओळखावा: दाढेच्या सुजेने बंद झालेलं तोंड चार-सहा दिवसांत बंद होतं आणि सूज गेली की उघडतं. सुपारीचं हळूहळू आवळत जातं आणि आपोआप उघडत नाही. अशा तोंडात मागच्या दाढेपर्यंत हत्यार नेणंही कठीण.

एक काढायला गेलो, दोन का सांगितल्या?

'कितला लागतीन?' हा प्रश्न रास्त आहे. हिरडी उघडून काढायची दाढ साध्या दाढेपेक्षा बरीच महाग पडते, कारण वेळ, हत्यारं आणि बऱ्याचदा तज्ज्ञ सर्जन लागतो. तालुक्याच्या दवाखान्यात असे सर्जन ठरावीक वारी येतात, वार विचारून जावं. धुळ्याला दंत महाविद्यालय आहे, आणि शिकवणाऱ्या रुग्णालयात खर्च सहसा कमी येतो, रांगेची तयारी मात्र ठेवावी.

बिलात दोन दाढा दिसल्या की लोकांना संशय येतो. खालची काढल्यावर वरच्या अक्कलदाढेला चावायला समोर कुणी उरत नाही, मग ती हळूहळू खाली उतरते आणि रिकाम्या हिरडीला किंवा गालाला टोचू लागते. म्हणून त्याच बाजूची वरचीही सोबत काढायला सांगतात, आणि वरची बहुतेक वेळा पाच-दहा मिनिटांत निघते. डाव्या-उजव्या दोन्ही बाजूंना एकाच दिवशी हात न लावणं मात्र बरं, म्हणजे आठवडाभर एका बाजूने जेवता येतं.